नॉर्मल म्हणून घेतलेलं रक्त

आमच्या लॅबमध्ये ‘नॉर्मल’ म्हणजे एक माणूस होता.

कर्करोगाच्या पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा वागतात हे बघायचं, तर शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्तही लागतं. नाहीतर बिघडलंय ते कशाच्या मानाने बिघडलंय, हे कळणार कसं? त्या धडधाकट रक्ताला आम्ही नॉर्मल म्हणतो. कागदोपत्री त्यासाठी निरोगी स्वयंसेवक शोधायचे असतात. प्रत्यक्षात सकाळी दहाला हॉस्पिटलमधून फोन येतो, की गाठ निघाली, पेशंटचं रक्तही घेतलंय, बर्फाच्या डब्यातून तासाभरात पोचतं. तेवढ्यात स्वयंसेवक काय चौकात उभे असतात? मग जो समोर दिसेल त्याची बाही वर करायची. पीएचडीची मुलं अर्धपोटी आलेली असतात, त्यांतल्या दोघांना सुई बघूनच घाम फुटतो. माझ्या शिरा अशा की तीनदा टोचल्याशिवाय हाताला लागत नाहीत. त्यामुळे गेली सहा-सात वर्षं आमची सगळी भिस्त मामांवर होती.

मामा म्हणजे लॅबच्या काचेच्या बाटल्या धुणारे, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये त्या निर्जंतुक करणारे आमचे साठीला टेकलेले सहकारी. पुण्यात कुठल्याही ऑफिसात अशा माणसाला मामाच म्हणतात, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. हे गंज पेठेतले. वडील पुस्तकं बांधायचे, आजोबाही तेच करायचे. मामांच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या ठसठशीत. हाक मारली की हात पुसत यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, “घ्या. आजचंच आहे, ताजं.” सुई आत गेली तरी चेहऱ्यावर काही नाही. उलट मलाच सांगायचे, “मॅडम, श्वास घ्या.”

नळीवर नाव लिहायचं नाही हा नियम. म्हणून ते एन-चार, म्हणजे नॉर्मल क्रमांक चार. एन-चार कोण हे अतिशय गुप्त होतं आणि खालच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं. दरवेळी संमतीचा फॉर्म सही करून घ्यायचो. त्या फॉर्मचं मराठी मीच केलेलं. आधीचं इतकं भयंकर होतं की मी चिडून एका बैठकीत सगळं नव्याने लिहून काढलं. ‘या नमुन्यातून मिळणारे निष्कर्ष आपणास कळवले जाणार नाहीत’ हे वाक्य माझं. स्वच्छ, सुटसुटीत, शंकेला जागा नाही. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता.

माझं काम काय, हे मी लग्नकार्यात सांगायचं सोडून दिलंय. “काय, सापडलं का औषध?” असं विचारणाऱ्याला मी एकदा “शोधतेय हो, आता मठ्ठ्यात बघून येते,” असं म्हणाले आणि आईने मला चार दिवस फोन केला नाही. पण खरं सांगायचं तर ते अवघड नाही. आपल्या शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात, टी पेशी. कर्करोगाची पेशी त्यांना गाठते आणि त्यांचा ब्रेक दाबून धरते. पहारेकरी समोर उभा असतो, चोर दिसत असतो, पण हात उचलत नाही. नवी औषधं तो दाबलेला ब्रेक सोडवतात. काही पेशंटमध्ये पहारेकरी खडबडून जागे होतात, काहींमध्ये ढिम्म हलत नाहीत. का हलत नाहीत, एवढाच माझा प्रश्न. बारा वर्षं झाली. वारज्याहून रोज स्कूटरवर येताना सिग्नलला थांबले तरी माझा पाय जमिनीवर ताल धरतो. आणि काम मात्र असं, की पेशी वाढायला पाच दिवस, औषध घालून तीन दिवस, मग पुन्हा पहिल्यापासून.

श्रावणात एका बुधवारी गाठ आली. मामांचं रक्त घेतलं, पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, रंग लावले आणि मशीनला लावल्या. मशीन एकेक पेशी लेझरसमोरून नेतं आणि पडद्यावर एकेक ठिपका टाकतं. टी पेशींचे ठिपके एका कोपऱ्यात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचे दुसऱ्या. निरोगी माणसात टी पेशींचा मोठा पुंजका दिसतो आणि बी पेशींचा छोटासा. मामांचं चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मान वळवून बघायचीही गरज नव्हती. त्या दिवशी ते उलटं होतं. बी पेशींचा ढीग, आणि टी पेशी कोपऱ्यात अंग चोरून.

मी काय केलं असेल? मी वैतागले. पेशंटचा मौल्यवान नमुना, आणि ऐन वेळी नॉर्मल बिघडलं! रंग चुकला असेल, नळ्या बदलल्या असतील, मशीनची मांडणी सरकली असेल, असं सगळं माझ्या मनात आलं. मामांना काही झालं असेल हे मात्र आलं नाही. ते येणं शक्यच नव्हतं, कारण मामा नॉर्मल होते. आमच्या वह्यांमध्ये चुकीचा मजकूर खोडायचीही रीत आहे. पान फाडायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही, एकच सरळ रेघ मारायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे. त्या रीतीप्रमाणे मी एन-चारच्या ओळीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘तांत्रिक चूक. वगळले.’ खाली सही केली. मग तीनदा टोचून घेऊन माझंच रक्त काढलं आणि काम पुढे नेलं.

दिवाळीनंतर पुन्हा मामांची पाळी आली. मधल्या काळात त्यांना दोन-तीनदा सर्दी झाली होती आणि मी “मामा, नाकाला नळ बसवून घ्या,” अशी थट्टाही केली होती. जिने चढताना ते मध्येच थांबायचे. वय झालं, असं तेही म्हणायचे आणि मीही. रक्त घेतलं, मशीनला लावलं. तेच चित्र. ढीग आणखी वाढलेला.

या वेळी मी वैतागले नाही. दुसऱ्या दिवशी मामांचा उरलेला नमुना आणि माझं ताजं रक्त शेजारी शेजारी ठेवलं. तेच रंग, तेच मशीन, हातही माझेच. माझं चित्र जसं हवं तसं आलं, त्यांचं उलटं. मग एक शेवटची चाचणी केली, जी मी करायला नको होती, कारण माझ्या प्रकल्पात तिचं काही काम नव्हतं. बी पेशींच्या अंगावर दोन प्रकारच्या खुणा असतात. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या सापडतात. मामांच्या रक्तात झाडून सगळ्या एकाच खुणेच्या होत्या, एका आईची लेकरं असावीत तशा. म्हणजे एकच पेशी बिघडली होती आणि तीच वाढत चालली होती. हा रक्ताचा कर्करोग होता. हळू चालणारा असावा, पण तोच.

मी श्रावणातली वही काढली. रेघेखालचं सगळं नीट वाचता येत होतं.

त्यानंतरचे चार दिवस मी एका जागी बसले नाही. वर माझं टेबल, खाली मामांची धुण्याची खोली. बाटल्या एकमेकींना लागल्याचा आवाज वरपर्यंत यायचा आणि मी उठून उगाच व्हरांड्यात जायचे. सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, सावध माणूस. त्यांनी चित्रं पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला. “आपलं मशीन निदानासाठी नाही,” ते म्हणाले. “आपण डॉक्टर नाही. तो नमुना कुणाचा हे तुम्हाला माहीतच नसायला हवं. समितीला पत्र लिहा.” संशोधनाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या नैतिक समितीची बैठक महिनाअखेरीला होती. आणि मामा पंधरा तारखेला बायकोबरोबर उमऱ्याला निघणार होते.

गेलं वर्षभर लॅबला तेच ऐकवणं चाललं होतं. मुंबईहून विमान, आधी मक्का, मग मदीना, एकूण पंधरा दिवस. मामींना गर्दीत धाप लागते म्हणून मामा रोज संध्याकाळी त्यांना स्वारगेटच्या पुढपर्यंत चालवून आणायचे, सराव म्हणून. लाखोंची गर्दी, देशोदेशीचे खोकले, आणि या माणसाचे पहारेकरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. मी पत्र लिहिलं. समितीच्या सचिवांना फोन केला. “विषय अजेंड्यावर घेतलाय,” त्या म्हणाल्या. अजेंड्यावर! मी फोन ठेवला आणि एक शिवी दिली, ती शेजारच्या खोलीपर्यंत गेली.

मग मी पुणेरी शहाणपणा केला. सरळ सांगायचं नाही, आडून सुचवायचं. खाली गेले. मामा वाफेच्या कुकरचं झाकण घट्ट करत होते.

“मामा,” मी म्हटलं, “एवढ्या लांब जाताय, तर एक साधी रक्ततपासणी करून घ्या ना. आता वय झालं आपलं सगळ्यांचं.”

“मुलगापण तेच म्हणतो,” ते झाकणाचा स्क्रू फिरवत म्हणाले. “त्याच्या कंपनीत आईवडिलांची तपासणी करून देतात दर वर्षी. मी सांगितलं, तुझ्या आईला ने. मला काय गरज? माझं रक्त लॅबमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी बघतात. एवढ्या मोठ्या मशीनवर बघतात. काही वाईट असतं तर मॅडम बोलल्या असत्या.”

मी तिथल्या पाटावर बसले. पाट ओला होता.

सहा-सात वर्षं हा माणूस दर फॉर्मवर सही करत होता. निष्कर्ष कळवले जाणार नाहीत, हे वाचूनच करत होता. मराठी माझ्याइतकंच चांगलं येतं त्यांना. पण ज्या बाईबरोबर रोज चहा घ्यायचा, ती काही दिसलं तर गप्प बसेल, असं त्यांना फॉर्म वाचून कधी वाटलंच नाही. आम्ही काही बोलत नव्हतो, म्हणजे सगळं ठीक होतं. आणि याच भरवशावर त्यांनी इतर कुठेही हात पुढे केला नव्हता.

मी सांगून टाकलं. नियम, समिती, सर, सगळं बाजूला ठेवून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुधा वाईटच सांगितलं असणार, कारण मी फार भराभर बोलते. मामांनी हातमोजे काढले, उलटे करून नळावर टाकले.

“म्हणजे कॅन्सर.”

“असं वाटतंय. डॉक्टरांकडून खात्री करावी लागेल. पण हा हळू चालणारा असतो मामा, वर्षानुवर्षं...”

“तुमच्याकडे डब्यातून येतो तो?”

“नाही, ते गाठींचे. हा रक्तातला. वेगळा.”

“म्हणजे तुम्ही वर जे करता, त्याचा मला उपयोग नाही.”

“आत्ता तरी नाही,” मी म्हटलं. बारा वर्षांच्या कामाबद्दल इतकं छोटं आणि इतकं लाजिरवाणं वाक्य मी कधी बोलले नव्हते.

मामांनी कुकरच्या काट्याकडे बघितलं. “बरं,” ते म्हणाले, “याची वाफ अजून वीस मिनिटं आहे. तेवढी होऊ द्या. मग सांगा कुठे जायचं ते.”

सरांना कळल्यावर ते माझ्यावर चिडले, लेखी खुलासा मागितला आणि त्याच दुपारी स्वतः फोन करून ओळखीच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे मामांची वेळ घेतली. माणूस सावध, पण वाईट नाही. तज्ज्ञ बाई माझ्याच वयाच्या, शांत. सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या आणि निदान तेच निघालं. पण अगदी सुरुवातीचा टप्पा. आत्ता औषध नाही, देण्यात फायदाही नाही. दर तीन महिन्यांनी यायचं, वजन बघायचं, मानेतल्या गाठी चाचपायच्या, ताप आला तर अंगावर काढायचा नाही. मक्केला जा म्हणाल्या, लसी घ्या, मास्क नाकावर ठेवा, हनुवटीवर नको. आम्ही बाहेर आलो तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. माझ्या मात्र आला नाही.

कारण मी बाईंना दारातच थांबून विचारलं होतं, की हे तीन महिने आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का?

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही मी हेच सांगितलं असतं. का?”

“सहज,” मी म्हटलं.

प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. फरक पडला नसता, मग सांगायचं कशाला? मी स्वतःला हे दिवसातून दहादा सांगत होते. पण मामांनी भलतंच सुरू केलं. ते जो भेटेल त्याला सांगत सुटले, की मॅडमनी डोळ्यात तेल घालून बघितलं म्हणून कळलं. वॉचमनला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. एके दिवशी मामींनी माझ्यासाठी डबा पाठवला, खिमा आणि चपात्या, वर वेगळ्या पुडीत लिंबू. मुलाने फोन करून “तुमचे उपकार कसे फेडायचे” म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार लोकांसमोर मामा म्हणायचे, “यांच्या नजरेतून काही सुटत नाही,” आणि मी हसल्यासारखं करायचे. सुटलं होतं हो! नुसतं सुटलं नव्हतं, मी पट्टी ठेवून त्यावर रेघ मारली होती.

त्या दिवसांत मी पेशींचे दोन संच मारले, कारण औषधाचं प्रमाण चुकीचं घातलं. एका मुलीला क्षुल्लक गोष्टीवरून रडवलं आणि मग तिला कॅन्टीनमध्ये नेऊन साबुदाणा वडा खायला घातला. स्कूटर घेऊन घराच्या वळणावरून पुढे निघून जायचे आणि पुलाखालून परत यायचे. दोनदा मामांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी मी “काही नाही, चिमटा हवा होता,” म्हणून चिमटा घेऊन वर आले. दिवसभर तो टेबलावर पडून होता.

चौदा तारखेला दुपारी मामा वर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांच्यात पद्धत आहे, यात्रेला निघण्याआधी ओळखीच्या सगळ्यांकडे जायचं आणि माफी मागायची. कहा-सुना माफ, म्हणजे आजवर काही बोललं असेल, काही वागणं चुकलं असेल, तर मनात ठेवू नका. कुणाचं मन दुखावलेलं मागे ठेवून तिथे जायचं नाही. ते आधी सरांकडे गेले, मग स्टोअरमध्ये, मग फरशी पुसणाऱ्या मावशींकडे. प्रत्येक खोलीतून “अहो मामा, काय हे,” असे आवाज ऐकू येत होते. शेवटी माझ्याकडे आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“मॅडम, एवढ्या वर्षांत कधी उलट बोललो असेन,” त्यांनी हात जोडले. “कधी बाटल्या वेळेवर दिल्या नसतील. तुमच्या मागे तुमची नक्कलही केलीय, खोटं नाही बोलत. तर माफ करा.”

मी खुर्चीवरून उठले. आता यांच्यासमोर “अहो, काय हे” म्हणून वेळ मारून न्यायची? जमलं नाही. माझ्याच्याने ते होणार नव्हतं.

“मामा, मी हे श्रावणातच बघितलं होतं,” मी म्हणाले. “तुमच्या रक्तात. तेव्हाही असंच होतं. मला वाटलं मशीनची चूक आहे. मी ते खोडून टाकलं आणि माझं रक्त वापरलं. पुन्हा बघितलंसुद्धा नाही. तीन महिने. डॉक्टर म्हणतात त्याने फरक पडला नसता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त माझा प्रयोग वाचवत होते.”

मामांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी किती वर्षं त्यांचा हात हातात धरून शीर शोधली असेल, पण इतकं सरळ त्यांच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं.

“आणि लोकांना मी सांगत फिरलो,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्ही सांगू दिलंत.”

“हो.”

मग मीच म्हटलं, “मला माफ करा, मामा.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घालून परत ठेवला. घाई नव्हती त्यांना कसलीच.

“मी आज मागायला आलोय, मॅडम,” ते म्हणाले. “द्यायचं परत आल्यावर बघू.”

आणि दार हलकेच लोटून गेले. त्यांना मी माफ केलं, एवढं साधं म्हणायचंही राहून गेलं. याला आज सहा दिवस झाले. त्यांना यायला अजून नऊ आहेत.